झाशी राणी चौकातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा अभिप्राय

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आमच्या बर्डीवर, झाशी राणी चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांची दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. वर निळी ताडपत्री, मागे एक लोखंडी रॅक, समोर पोत्यावर मांडलेल्या थप्प्या आणि स्टुलावर बसलेले काका, एवढंच दुकान. मी १२ वर्षांपासून तिथली गिऱ्हाईक आहे. हिंगणा रोडकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, नोकरीला २२ वर्षं झाली. या दुकानामुळे माझं शिकवणं बदललं, म्हणून अभिप्राय जरा लांबणार आहे. ज्यांना फक्त भाव आणि वेळ हवी आहे त्यांनी खाली शेवटाकडे जावं.

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील एमआयडीसीत कामाला आहेत, नाहीतर ऑटो चालवतात, नाहीतर मिस्त्रीकाम करतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे नववीत माझ्यासमोर बसणारं लेकरू आठ वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मी विचारते, इंग्रजीतलं एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचलंय? धडा नाही, पुस्तक. १२ वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ५४ जणांच्या वर्गात एकही हात वर आला नव्हता.

त्या दिवशी घरी जाताना मला माझ्याच शिकवण्याचा हिशोब लागेना. निकाल चांगला होता. दहावीचा आमचा पेपर ८० गुणांचा, तोंडी आणि अंतर्गत मिळून २०. पत्र कसं लिहायचं, उताऱ्याखालचे प्रश्न कसे सोडवायचे, कवितेचं रसग्रहण कोणत्या क्रमानं मांडायचं, सगळं मी करून घेत होते आणि मुलं करत होती. सराव परीक्षेच्या एका गठ्ठ्यात कवितेच्या उत्तरात ३८ पेपरांत एकच वाक्य निघालं, कवीनं साधी आणि ‘लुसिड’ भाषा वापरली आहे. स्पेलिंग सगळ्यांचं बरोबर. वर्गात विचारलं, लुसिड म्हणजे काय? सगळे गप्प. सहज समजणारी, एवढाच त्याचा अर्थ. गाईडमधून पाठ केलेलं वाक्य होतं ते. मुलांवर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मीच वर्षानुवर्षं तसल्या वाक्यांना पूर्ण गुण देत आले होते.

त्या महिन्यात मी बर्डीवर आईच्या चष्म्यासाठी गेले होते. परतताना या दुकानासमोर थांबले, ते तिथल्या छोट्या, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या पुस्तकांमुळे. लेडीबर्डची ‘की वर्ड्स’ मालिका. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही मालिका इंग्लंडमध्ये १९६४ साली सुरू झाली. विल्यम मरे या शिक्षणतज्ज्ञानं ती लिहिली. पीटर आणि जेन नावाचे भाऊ-बहीण, डाव्या-उजव्या पानांवर थोडीशी वाक्यं आणि मोठं रंगीत चित्र. एकूण १२ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर अ, ब, क अशी तीन पुस्तकं, म्हणजे ३६. अ पुस्तकात नवे शब्द येतात, ब मध्ये तेच शब्द वेगळ्या प्रसंगात येतात, क मध्ये त्यांचं लिखाण आणि उच्चार. काकांकडे त्या दिवशी सात होती. १५ रुपयाला एक म्हणाले, सातही घेतली म्हणून १०० ला दिली.

या मालिकेमागचा हिशोब मला तोवर माहीत नव्हता. मरे आणि त्याचा सहकारी मॅकनॅली यांनी इंग्रजीत कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजलं होतं. त्यांच्या मांडणीनुसार आपण वाचतो त्या इंग्रजीतला चौथा हिस्सा फक्त १२ शब्दांचा असतो. १०० शब्दांत निम्मं वाचन येतं, ३०० शब्दांत पाऊण. ते १२ शब्द असे: अ, अँड, ही, आय, इन, इज, इट, ऑफ, दॅट, द, टू, वॉज.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोट्ट्यांना पटलं नाही. मग पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद काढायला लावला आणि म्हटलं, पेन्सिलीनं या १२ शब्दांना गोल करा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तासाला कधी वही काढायचा नाही, तो बोट ठेवून ठेवून गोल करत होता. पान गोलांनी भरून गेलं. मोजल्यावर त्यानं मोठ्यानं सांगितलं, “मॅडम, तीसच्या वर झाले, अन् पॅरा अजून उरलाच हाये.”

आता मला खरं सांगायचं आहे ते इथे आहे. ती यादी मी घरी परत परत पाहिली आणि लक्षात आलं की मराठी बोलणाऱ्या मुलाला हेच शब्द सगळ्यात अवघड जातात. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच. ‘इन’, ‘ऑफ’, ‘टू’ हे आपल्याकडे वेगळे शब्द म्हणून उभे राहत नाहीत, ते नामाच्या शेपटाला चिकटतात. घरात मधला ‘त’, शाळेचा मधला ‘चा’, आईला मधला ‘ला’. मराठीच्या तासाला मुलं विभक्तीचे प्रत्यय पाठ करतात, पण इंग्रजीत तोच प्रत्यय सुटा होऊन नामाच्या आधी जाऊन बसतो हे त्यांना कोणी दाखवत नाही. आपण मुलांना शब्दार्थ देतो ते मोठ्या शब्दांचे. हत्ती, पर्यावरण, स्वातंत्र्य. ते मुलं चटकन पाठ करतात. ‘ऑफ’चा अर्थ फळ्यावर लिहून देता येत नाही. डिक्शनरीत शोधलं तर आणखीच गोंधळ, एकेका शब्दाखाली वीस-वीस अर्थ. हे शब्द हजार वेळा, सोप्या वाक्यात, डोळ्यांखालून गेल्याशिवाय बसत नाहीत. आणि हजार वेळा जायचे तर भरपूर सोपी पुस्तकं हवीत. आमच्या शाळेच्या कपाटात तशी नव्हती. नवी घ्यायची तर एकेक दीडशे-दोनशेच्या घरात. म्हणून मला काकांचं दुकान लागतं.

पण पुस्तकं आणून भागलं नाही. नववीतल्या १४ वर्षांच्या मुलाच्या हातात पीटर आणि जेन दिलं की त्याचा चेहरा पडतो. पहिल्याच दिवशी एका मुलीनं पुस्तक बाकावर उलटं ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, हे तर पहिलीचं हाये.” तिचं बरोबर होतं. तिची लाज खरी होती, आणि ती लाज मी हसण्यावारी नेली असती तर तिनं पुन्हा पुस्तक उघडलं नसतं.

आमच्या आवारातच प्राथमिक शाळा आहे. तिथल्या पहिलीच्या बाईंशी बोलले. शनिवारी शेवटची अर्धी तासिका मागून घेतली आणि नववीला सांगितलं, तुम्हाला पहिलीच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं आहे, अडखळायचं नाही, चित्र दाखवत, आवाज चढवत-उतरवत. तयारीला एक आठवडा. त्या आठवड्यात डब्याच्या सुट्टीत मुलं एकमेकांना ते पहिलीचं पुस्तक वाचून दाखवत होती. ‘द’ आणि ‘दि’ कुठे म्हणायचं हे मी १० वर्षं सांगत होते, त्या आठवड्यात मुलं स्वतः विचारायला आली. पुस्तक उलटं ठेवणारी मुलगी शनिवारी जमिनीवर मांडी घालून बसली होती, दोन्ही बाजूंनी दोन लहान पोरं तिला रेलून. ती बोट शब्दाखाली सरकवत होती आणि पान उलटायच्या आधी थांबून विचारत होती, “आता काय होईल सांगा बरं?” हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिला घरी कोणी कधी असं वाचून दाखवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी खिडकीतून पाहत होते आणि माझे डोळे भरून आले.

पुढे चित्रांचा आणखी एक उपयोग सापडला. काळ शिकवताना, खास करून चालू वर्तमानकाळ, पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतली मराठी आमच्या मुलांना उपरी वाटते. ‘तो खेळत आहे’ असं आमच्याकडे घरी कोण म्हणतं? आम्ही म्हणतो, ‘तो खेळून राहिला’. मी चित्र दाखवायचे आणि विचारायचे, पीटर काय करून राहिला? वर्ग ओरडायचा, उडी मारून राहिला! मग मी फळ्यावर ‘राहिला’च्या खाली ‘इज’ लिहायचे आणि ‘मारून’च्या खाली ‘इंग’. ‘मी जाऊन राहिलो होतो’ म्हटलं की ‘वॉज’. आमच्या नागपुरी बोलीत क्रिया चालू असल्याची खूण इतकी ठळक आहे की तिचा हात धरून इंग्रजीत जाता येतं. पूर्वी मी ही बोली वर्गात दुरुस्त करायचे. ती वर्षं मला परत मिळाली तर मी तसं करणार नाही.

दुकानाकडे येते. काकांची खरी खासियत म्हणजे ते लक्षात ठेवतात. मला काय हवं ते त्यांना एकदाच सांगावं लागलं: अक्षर मोठं, वाक्य छोटं, चित्र असलेलं, फार फाटकं नको. तेव्हापासून तसं काही आलं की रॅकच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, ‘मॅडम’ असं खडूनं लिहून ठेवतात. कधी फोन करतात, “मॅडम, एका घरचा माल आला, तुमच्या कामाचे आठ-दहा निघाले.” वाचून झालेलं पुस्तक चांगल्या अवस्थेत परत नेलं तर निम्म्या किमतीत घेतात आणि बदल्यात दुसरं देतात. यामुळे माझं वर्षाचं दीड हजाराचं बजेट दुपटीनं पुरतं.

पीटर-जेन संपले की मुलांना गोष्ट हवी असते. त्यासाठी टिंकलचे जुने अंक उत्तम. अनंत पै यांनी १९८० साली सुरू केलेलं हे मासिक, चौकटींमुळे अर्थ निम्मा चित्रातच कळतो आणि संवाद बोलण्यातले असतात. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं मिळाली तर सोडू नका. काही पुस्तकं मराठीतही असतात आणि इंग्रजीतही. आणि चांदोबा! चांदोबा अनेक भाषांत निघायचा, इंग्रजीतही. २०१६ च्या सुमारास मला काकांकडे इंग्रजी अंकांची एक थप्पी मिळाली. त्यातली वेताळाची एक गोष्ट माझ्या माहेरच्या जुन्या मराठी चांदोबात निघाली. दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवून दहावीच्या मुलांनी चार तासिका ती गोष्ट वाचली. विक्रमराजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकतो, हे वाक्य मराठीत एका दमात येतं. इंग्रजीत क्रियापद पुढे ओढल्यावर बाकीचं कुठे कुठे जातं यावर दोन मुलांचं चांगलं भांडण झालं. व्याकरणावरून दहावीतली मुलं भांडताना मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्या पेपरात भाषांतराला पाचच गुण आहेत, पण त्या चार तासांत मुलं जे शिकली ते त्या पाच गुणांच्या पलीकडचं होतं.

आता तक्रारी. दुकान आवडतं म्हणून त्या लपवणार नाही.

काकांकडे छापील पावती मिळत नाही. शाळेकडून पैसे मिळवायचे तर अडचण, म्हणून मी खिशातून घालते. दुसरं, भाव वरून लिहिलेला नसतो, गर्दी असली की १० रुपयांनी चढतो. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका वर्षी मी घाईत व्याकरणाच्या सरावाची १२ पुस्तकं बाहेरून बघून उचलली. घरी येऊन पाहते तर प्रत्येकात आधीच्या मालकानं बॉलपेननं उत्तरं भरलेली. काकांनी परत घेतली नाहीत, ‘बघून घ्यायचं होतं मॅडम’ म्हणाले, आणि त्यात माझीही चूक होतीच. ४८० रुपये गेले. नंतर ती मुलांकडे तपासायला दिली, कारण भरलेल्या उत्तरांत बरीच चुकीची होती. कुणाची चूक आहे हे माहीत नसताना चूक शोधायला मुलांना भीती वाटत नाही. तेवढा उपयोग झाला. तरी पुस्तकं विकत घेताना दहा पानं उलटून बघाच.

आणि या भागात झेरॉक्स छापाच्या इंग्रजी कादंबऱ्या ढिगानं दिसतात. त्या घेऊ नका. स्वस्त असतात, पण अक्षर फिकट, मधली पानं गायब. एका मुलीनं स्वतःच्या पैशांनी अशी एक घेतली, ३० पानांनंतर मजकूर वाचता येईना. तिला वाटलं आपल्यालाच इंग्रजी येत नाही. महिनाभर तिनं दुसरं पुस्तक हातात धरलं नाही. मूळ लेखकाला त्यातून दमडी मिळत नाही, ते वेगळंच.

दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक गाईडसाठी येतं. जुलैत तर इंग्रजीच्या गाईडशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी काकांना एकदा म्हटलं, पुढच्या बाजूला गोष्टीची पुस्तकं ठेवा ना. ते म्हणाले, “मॅडम, त्याच्यावर माझं घर चालत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी दरवर्षी आमच्या नववीतल्या १०-१५ पालकांना दिवाळीच्या सुट्टीत तिथे पाठवते. ५० रुपयांत दोन पुस्तकं येतात असं सांगते. काही जातात. एक वडील, ऑटो चालवतात, ते आता चौकात सवारी नसली की काकांच्या दुकानाशी थांबून मुलीसाठी अंक चाळतात.

आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, याचा निकालावर काय फरक पडला? मी खरं तेच सांगितलं. एकूण टक्केवारीत फार मोठा फरक दिसत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्यात फरक दिसतो. १५ गुणांचा तो प्रश्न आमची मुलं पूर्वी न वाचता सोडवायची, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची. ज्यांनी सात-आठ पुस्तकं पुरी केली ती मुलं आता उतारा आधी वाचतात. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना ते ओळखू येतं, पेन खाली असतं आणि ओठ हलत असतात.

जाण्याबद्दल. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइननं झाशी राणी स्टेशनला उतरा, तिथून पायी जवळ आहे. आमच्याकडून वासुदेव नगरला बसलं की सरळ. २०२० च्या आधी मी बसनं जायचे तेव्हा पिशव्या सांभाळता सांभाळता पुरेवाट व्हायची. दुकान साधारण ११ ला उघडतं. मंगळवार-बुधवार दुपार शांत असते, काका बोलतातही आणि थप्प्या उपसूही देतात. रविवारी गर्दी फार. पाऊस सुरू झाला की सगळं ताडपत्रीखाली जातं, मग जाऊन उपयोग नाही. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी जाऊ नका, संध्याकाळी सहानंतर जा. पण नवा माल खरा तेव्हाच येतो, लोक घरं आवरतात आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांची वरची इयत्ता लागते. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा माझ्या खरेदीचा. भाव सध्या असे: चित्रांची छोटी पुस्तकं २५ ते ४०, टिंकलचे अंक १५ ते २०, कादंबऱ्या ६० च्या पुढे. सुटे पैसे न्या.

लेडीबर्डच्या त्या मालिकेतली ३६ पैकी २९ माझ्याकडे जमली आहेत. चौथ्या पायरीचं ब, सातवीची तिन्ही, नववीचं अ आणि शेवटच्या पायरीची दोन अजून मिळालेली नाहीत. यादी काकांच्या रॅकवर चिकटवून आले आहे. कोणाच्या घरी माळ्यावर ही पुस्तकं पडली असतील आणि रद्दीवाल्याला द्यायची असतील, तर कृपा करून त्या दुकानात नेऊन द्या. काकांना ‘मॅडमच्या कप्प्यात ठेवा’ एवढं सांगितलं की पुरे.